स्मार्टफोन : साधन पदरचे, ताबा परक्याचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला विषय दिला आहे तो ‘स्मार्टफोन : स्वीकार की प्रतिकार?’ असा. या शीर्षकात एक गृहीत दडलेले आहे. घ्यावे की नाकारावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, हे ते गृहीत. बाजारात नवी वस्तू येते, ग्राहक ती पारखतो, पसंत पडली तर घेतो, नाही तर पाठ फिरवितो. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत ग्राहकाचे असेच चित्र रंगविलेले असते. परंतु रोजगार हमीच्या कामावर माती उपसणारी बाई, अंगणवाडीची सेविका, कोरडवाहू जमिनीचा खातेदार आणि शहरात घरोघर पाकिटे पोहोचविणारा तरुण यांच्यापुढे हा प्रश्न अशा सोज्ज्वळ रूपात कधी आलाच नाही. तुम्हाला फोन हवा का, असे त्यांना कोणी विचारले नाही. फोनात नोंद झाली नाही तर हजेरी नाही, मानधन नाही, अनुदान नाही, काम नाही, एवढेच त्यांना कळविण्यात आले.

म्हणून विषयाची मांडणी मी थोडी बदलून घेणार आहे. स्वीकार की प्रतिकार हा व्यक्तीच्या आवडीनिवडीचा प्रश्न मानला तर चर्चा फार पुढे जात नाही. एक जण म्हणतो, फोनवाचून माझे काही अडत नाही. दुसरा म्हणतो, फोनवाचून माझा एक दिवस निघत नाही. आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. समाजवाद्याने विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. हे साधन कोणाच्या पैशाने विकत घेतले जाते? त्याचा ताबा कोणाकडे असतो? आणि ज्याला ते परवडत नाही किंवा ज्याला ते नको आहे, त्याचा कोणता हक्क त्यामुळे बुडतो?

सामाईक फोनापासून खासगी फोनापर्यंत

थोडा इतिहास पाहू. १९९१ साली या देशात दर शंभर माणसांमागे एक टेलिफोनही नव्हता. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तरीही ऐंशीच्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली, आपल्या हवामानाला आणि धुळीला तोंड देतील अशी छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस तिने तयार केली, आणि पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक दिसू लागले. त्या केंद्रांच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य असे. फोन कोणाच्याच मालकीचा नव्हता, पण सर्वांच्या उपयोगाचा होता. बोलाल तेवढे पैसे द्या, असा तो व्यवहार होता. ज्याच्या घरी फोन नाही तो या व्यवस्थेबाहेर पडत नव्हता.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. तो देशातील पहिला मोबाइल फोन. त्या काळी आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले आणि मोबाइल रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या, गवंड्याच्या हाती आला. हा खराखुरा स्वीकार होता. त्यासाठी कोणत्याही सरकारी परिपत्रकाची गरज पडली नाही. गवंड्याला दुसऱ्या दिवशीचे काम फोनवर कळू लागले, मुंबईतल्या गिरणगावातून कोकणातल्या आईशी बोलता येऊ लागले. लोकांना उपयोग दिसला आणि लोकांनी तो घेतला.

दुसरा टप्पा सप्टेंबर २०१६ नंतरचा. एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीने फुकट इंटरनेट देत बाजारात प्रवेश केला. २०१४ मध्ये एक जीबी इंटरनेटसाठी दोनशे रुपयांहून अधिक पडत; चार वर्षांत तो दर दहा-बारा रुपयांपर्यंत घसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. रोख पैसा एका रात्रीत दुर्मीळ झाला आणि फोन हेच पाकीट, असे सांगण्यात येऊ लागले. स्वस्ताईच्या या लाटेत अनेक छोट्या कंपन्या बुडाल्या, सरकारी कंपनी मागे पडली, आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी आठवड्याच्या आत एकापाठोपाठ एक दर वाढविले. मक्तेदारीच्या वाढीचा हा क्रम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नाही. आधी तोटा सोसून सवय लावावयाची आणि स्पर्धक संपला की किंमत वसूल करावयाची.

यातली एक गोष्ट मात्र विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दळणवळणाचे साधन इतर वस्तूंसारखे नसते. शेजाऱ्याने नवा शर्ट घेतला म्हणून माझा जुना शर्ट निकामी होत नाही. शेजाऱ्यांनी स्मार्टफोन घेतले म्हणजे मात्र पीसीओ चालविणे परवडेनासे होते आणि तो बंद पडतो. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. तारेसाठी मी अश्रू ढाळणार नाही. पण यातून निघणारा नियम ध्यानात ठेवा : नवा दरवाजा उघडला की जुना हळूहळू बंद केला जातो. जो नव्या दरवाजाने जात नाही तो काल होता तेथेच राहत नाही, तो मागे ढकलला जातो. नकाराची किंमत दरवर्षी वाढत जाते आणि ती किंमत सर्वांत आधी गरीब भरतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याने स्मार्टफोन नाकारला तर लोक कौतुकाने त्याला साधेपणा म्हणतात. मजूर बाईकडे तो नसला तर तिची हजेरी लागत नाही.

हजेरीपट आणि छायाचित्र

महाराष्ट्राला रोजगार हमीचा इतिहास सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात येथे ही योजना उभी राहिली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला, १९७९ पासून तो अंमलात आला, आणि त्याच कल्पनेतून २००५ चा केंद्रीय कायदा झाला. या योजनेत हजेरीपटाला फार मोठे महत्त्व होते. हजेरीपट कामाच्या जागीच असला पाहिजे, मजुराला तो पाहता आला पाहिजे, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी कितीदा लावून धरली आहे. त्यात खोटी नावे घुसत, मुकादम आणि अभियंता संगनमत करीत, हे सारे खरे. पण तो कागद होता. साक्षर मजूर तो वाचू शकत असे, निरक्षर बाई शेजारणीकडून वाचून घेऊ शकत असे, आणि मोर्चा नेऊन तो तहसीलदाराच्या टेबलावर आपटता येत असे.

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हजेरीसाठी एक मोबाइल ॲप आणले. १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्वच सार्वजनिक कामांवर ते सक्तीचे झाले. मेटने दिवसातून दोन वेळा मजुरांचे छायाचित्र काढावयाचे आणि ते जागेच्या अक्षांश-रेखांशांसह वर पाठवावयाचे. फोन मेटनेच आणावयाचा. डोंगराआड रेंज नसेल, फोनची बॅटरी उतरली असेल किंवा दूरचा सर्व्हर बंद असेल, तर दिवसभर खणलेल्या मातीची हजेरी लागत नसे. काम नेमून दिल्याप्रमाणे दुपारीच संपले तरी दुसऱ्या छायाचित्रासाठी बायकांना उन्हात थांबावे लागे किंवा घरी जाऊन पुन्हा यावे लागे. अंगमेहनतीचे काम मापावर आणि हजेरी घड्याळावर, असा हा विचित्र मेळ होता. या विरोधात २०२३ च्या फेब्रुवारीपासून मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घकाळ धरणे धरले.

आणि ज्या भ्रष्टाचारासाठी हा खटाटोप केला, त्याचे काय झाले? जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिले की, ॲपवर कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठविले जात आहे; सबब ग्रामपंचायत पातळीवर माणसांनी ही छायाचित्रे तपासावीत. माणसाच्या तपासणीवर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि चार वर्षांनी यंत्राच्या तपासणीसाठी पुन्हा माणूस नेमला. लबाडाला नवा मार्ग सापडला. अडकली ती प्रामाणिकपणे राबणारी. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला. त्याच्या इतर बाजूंवर या वर्गात स्वतंत्र चर्चा व्हावी. येथे एवढेच नोंदवितो की बायोमेट्रिक ओळख आणि मोबाइलवरील देखरेख यांना त्यात कायद्याच्या मजकुरातच स्थान मिळाले आहे. म्हणजे हा प्रश्न जुन्या योजनेबरोबर संपलेला नाही.

सेविकेने परत केलेला फोन

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. राज्यातील अंगणवाडी सेविकांना शासनाने फोन दिले. मार्च २०२१ पासून पोषणाच्या नोंदींसाठी केंद्राचे नवे ॲप आले. फोनची क्षमता अपुरी, तो तापतो, मध्येच अडकतो. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. आणि ॲप इंग्रजीत. मुलाचे वजन घेणे, गरोदर बाईच्या घरी जाणे, आहार शिजवून घेणे हे तिचे खरे काम. ते केले तरी फोनात न भरल्यास न केल्यासारखे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेविकांनी मोर्चे काढून ते फोन शासनाला परत केले.

या आंदोलनाचे मर्म समजून घेतले पाहिजे. काही वृत्तपत्रांनी त्याकडे अशा थाटात पाहिले की जणू या बायांना नवे तंत्र शिकण्याचा कंटाळा आहे. वस्तुस्थिती उलट होती. याच सेविका घरी मुलांना फोनवरून अभ्यास शिकवीत होत्या आणि मोर्चाचे निरोपही फोनवरूनच देत होत्या. त्यांची तक्रार फोन या वस्तूविषयी नव्हती. साधन निकृष्ट देता, भाषा परकी देता, खर्च आमच्यावर टाकता आणि त्याच साधनातील नोंदीवर आमचे काम मोजता, ही ती तक्रार होती. चांगला फोन द्या आणि मराठी ॲप द्या, ही त्यांची मागणी होती. फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचे आश्वासन शासनाला द्यावे लागले. नकार हा वाटाघाटीचा मार्ग होऊ शकतो, हे या बायांनी दाखवून दिले. १ जुलै २०२५ पासून मात्र घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा फोनवर पडताळण्याची सक्ती आली. म्हणजे अडचण आता सेविकेपुरती उरली नाही, ती उंबऱ्याच्या आत शिरली.

तिसरे उदाहरण शेतकऱ्याचे. तलाठी बांधावर न जाता घरी बसून पीक पाहणी भरतो, ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आणि ती रास्त होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवर आपल्या पिकाची नोंद करावयाची. आपला सातबारा आपण भरावा, यात स्वाभिमानाचा एक अंश निश्चित आहे आणि ज्यांना जमले त्यांना तो आवडलाही. परंतु त्याचबरोबर महसूल खात्याचे एक कर्तव्य शेतकऱ्याच्या पदरात पडले. नोंद राहिली तर चूक आता तलाठ्याची नसते, शेतकऱ्याची असते. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना अर्थसाहाय्य देताना ई-पीक पाहणीतील नोंदीची अट घातली गेली. पेरा खरा, सातबाऱ्यावर पीक खरे, पण ॲपात नोंद नाही, असे शेतकरी मोठ्या संख्येने निघाले तेव्हा ओरड झाली आणि २०२४ मध्ये ती अट शिथिल करावी लागली. पुढे नोंदींसाठी गावोगाव सहायकही नेमावे लागले. माणूस काढून टाकता येतो ही समजूत येथेही टिकली नाही.

खर्चीवाल्याचा माग

या तिन्ही उदाहरणांतून एक आर्थिक सूत्र निघते. कारखानदारीच्या युगात यंत्र मालकाचे असे आणि श्रम कामगाराचे. गिरणी कामगाराला घरून माग आणावा लागत नव्हता. यंत्र विकत घेणे, ते दुरुस्त करणे, त्याला वीज पुरविणे हा मालकाचा खर्च होता. आज मेट, सेविका, घरपोच सेवा देणारा तरुण यांच्या बाबतीत यंत्राची किंमत, रिचार्ज, बॅटरी, दुरुस्ती हा खर्च अंशतः वा पूर्णतः श्रमणाऱ्यावर ढकललेला आहे. घरपोच सेवेतल्या तरुणाची तर मोटारसायकल आणि पेट्रोलही त्याचेच. उत्पादनाची साधने कामगाराच्या मालकीची झाली म्हणावे, तर हा समाजवाद झाला काय?

इचलकरंजीच्या मित्रांना याचे उत्तर चटकन सापडेल. तेथला खर्चीवाला यंत्रमागधारक माग स्वतःचा घेतो, त्यासाठी कर्ज काढतो, विजेचे बिल भरतो. पण सूत व्यापाऱ्याचे आणि विणलेले कापडही व्यापाऱ्याचे. मजुरीचा दर व्यापारी ठरवितो. मंदी आली की सूत येत नाही आणि माग उभा राहतो, तोटा मागवाल्याचा. कागदावर तो मालक, व्यवहारात मजूर. स्मार्टफोनने हीच खर्चीची पद्धत देशभर पसरविली आहे. फोन तरुणाचा, पण त्यातील ॲप कंपनीचे. कोणती ऑर्डर कोणाला, दर काय, दंड किती, हे दूर कोठे तरी ठरते. एका सकाळी त्याचा आयडी बंद होतो आणि हातातला फोन त्याच्या दृष्टीने सूत नसलेला माग होतो. जुन्या व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन निदान भांडता तरी येत होते. येथे पेढीच दिसत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये केला. ही सुरुवात आहे.

ताब्याचा प्रश्न सरकारी क्षेत्रातही आहे. फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने आणि बँकांच्या सामाईक संस्थेमार्फत ती उभी राहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरील व्यवहार महिन्याला २,००० कोटींच्या वर गेले. ही मोठी सार्वजनिक कामगिरी आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण यांतील सुमारे चार-पंचमांश व्यवहार दोन कंपन्यांच्या ॲपवरून होतात आणि त्या दोन्हींमागे अमेरिकन भांडवल आहे. कोणाही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक वाटा नसावा, हा नियम २०२० मध्ये ठरला. त्याची मुदत पुढे पुढे ढकलत २०२६ अखेरपर्यंत नेण्यात आली. रस्ता जनतेचा, नाका खासगी, अशी ही स्थिती आहे.

विरोधाची परंपरा

यंत्राला विरोध म्हटले की लुडाइटांचे नाव घेऊन हसण्याची रीत आहे. १८११ ते १८१६ या काळात इंग्लंडात नॉटिंगहॅम आणि आसपासच्या विणकरांनी माग फोडले. पण ते दिसेल ते यंत्र फोडीत नव्हते. ज्या मालकांनी मजुरी कापली, निकृष्ट माल काढून धंद्याची पत घालविली, त्यांचे माग त्यांनी निवडून फोडले. पार्लमेंटने १८१२ मध्ये माग फोडण्यास देहदंडाची शिक्षा ठेवली आणि कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात त्या कायद्याविरुद्ध भाषण केले. यंत्र आणि यंत्राचा भांडवलदाराकडून होणारा वापर यांत भेद करावयास कामगारांना काळ आणि अनुभव लागला, असे पुढे मार्क्सने म्हटले. हा भेद करणे हेच आजही आपले काम आहे.

आपल्याकडे साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाला विरोध केला. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि बँक व्यवस्थापने यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या अटींवर बसवावयाची हे त्यात वाटाघाटीने ठरले. संगणक आला, तो येणारच होता. पण तो अटींसह आला. विरोध हरला असे म्हणणारे या अटींकडे पाहत नाहीत.

गांधीजींविषयीही असाच गैरसमज आहे. १९२४ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. त्यांचा आक्षेप यंत्राच्या वेडाला होता. मग हे शिवणयंत्र तयार करणाऱ्या कारखान्याचे काय, असे विचारल्यावर त्यांनी असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा राज्याच्या नियंत्रणाखाली असावेत, असे सांगितले, आणि एवढे म्हणण्याइतका मी समाजवादी आहे असेही ते म्हणाले. माणसाचा कष्ट वाचविणारे आणि माणसाच्या ताब्यात राहणारे यंत्र हवे, ही ती कसोटी. लोहियांचा छोट्या यंत्राचा आग्रह याच कसोटीतून आलेला आहे. स्मार्टफोन आकाराने छोटे यंत्र आहे. मात्र हातात मावणारे प्रत्येक यंत्र लोहियांच्या अर्थाने छोटे नसते, कारण याची दोरी फार दूरवरच्या हाती आहे.

दुसरी बाजू

मी एकतर्फी बोलतो असे वाटू नये. अंध विद्यार्थ्याला हा फोन पुस्तक वाचून दाखवितो. कर्णबधिर माणसे त्याच्या पडद्यावर खुणांच्या भाषेत दूरच्या मित्राशी बोलतात. २०२० च्या टाळेबंदीत अडकलेल्या स्थलांतरित मजुरांनी आपली स्थिती जगाला दाखविली ती फोनच्या कॅमेऱ्यातून. दलित वस्तीवर अन्याय झाला की पोलीस येण्याच्या आधी त्याचे चित्रण होते. या वस्तूचा सरसकट धिक्कार करणारा माणूस या लोकांपुढे उभा राहू शकणार नाही.

म्हणूनच आकडे नीट वाचले पाहिजेत. २०२५ च्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ८५ टक्क्यांहून अधिक कुटुंबांत निदान एक स्मार्टफोन आहे. हा आकडा पुढे करून आता कोणी वंचित उरले नाही, असे सांगितले जाते. परंतु हक्क कुटुंबाला नसतो, व्यक्तीला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता, आणि तोही कोणताही मोबाइल, स्मार्टफोनच असे नव्हे. घरात फोन असणे आणि बाईच्या हाती फोन असणे यांत अंतर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा पती किंवा पिता यांच्याही आधारची पडताळणी मागण्यात आली. ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. विधवेने आणि परित्यक्तेने तो कोणाकडून आणावयाचा? ज्या नवऱ्याने टाकले त्याच्याच दारी जाऊन आकडा विचारावयाचा? परित्यक्तांच्या प्रश्नावर या महाराष्ट्रात इतके काम झालेले असताना हा नियम लिहिणाऱ्याला ती स्त्री दिसली नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढवावी लागली.

न्यायालयांनी या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी प्रारंभी केवळ ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या मे अखेरीस, फोन आणि इंटरनेट नसलेल्यांचे काय, असा प्रश्न केंद्राला विचारला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींनी चालविला होता. पोहोचण्याचा हक्क मान्य झाला, हे उत्तम. त्याच्या जोडीला न वापरण्याचा हक्कही मागितला पाहिजे.

आपण काय मागावे

माझ्या मते आपल्या मागण्या चार असाव्यात.

पहिली, कायद्याने मिळालेला कोणताही हक्क, मग तो मजुरी असो, धान्य असो, निवृत्तिवेतन असो की अनुदान, केवळ स्मार्टफोनवर अवलंबून असू नये. प्रत्येक ठिकाणी कागद आणि माणूस यांची खिडकी उघडी राहिली पाहिजे, आणि त्या खिडकीला वेगळे शुल्क नसावे. हे अशक्य नाही. मार्च २०२२ मध्ये साध्या बटनांच्या फोनवरून यूपीआयने पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने सुरू केली. इच्छा असली की साध्या साधनावरही काम होते.

दुसरी, कामासाठी फोन लागत असेल तर तो, त्याचे इंटरनेट आणि त्याची दुरुस्ती हा मालकाचा किंवा शासनाचा खर्च मानला जावा. मजुरीच्या हिशोबात ही बाब स्वतंत्र दाखविली जावी.

तिसरी, ॲपमुळे हजेरी, लाभ किंवा काम नाकारले गेल्यास त्याचे कारण मराठीत, लेखी आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने मिळावे. सर्व्हर बंद होता, हे कारण मजुराच्या विरुद्ध वापरता येऊ नये. शंकेचा फायदा राबणाऱ्याला मिळावा. ज्या नियमांनी ॲप काम वाटते आणि दंड करते ते नियम कामगार संघटनांना दाखविले जावेत.

चौथी, नवे ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ग्रामसभेत आणि संबंधितांच्या संघटनांशी चर्चा व्हावी. १९८३ चा बँकांचा करार झाला तेव्हा संगणक कोठे बसेल याची चर्चा होऊ शकली. मग रोजगार हमीच्या मजुराशीच चर्चा का होऊ नये?

या मागण्या करताना आपल्या घरातही पाहावे लागेल. तालुक्याच्या बैठकीची सूचना आज बहुतेक ठिकाणी केवळ व्हॉट्सॲपवर जाते. ज्यांच्याकडे फोन मुलाचा किंवा नवऱ्याचा आहे अशा बाया, वयस्क शेतमजूर, जुने गिरणी कामगार या सूचनेबाहेर राहतात आणि मग बैठकीला तरुण पुरुषांचीच दाटी होते. पुढे आपणच म्हणतो, स्त्रिया येत नाहीत. सायकलवरून निरोप देण्याची जुनी पद्धत आपण सोडली त्याबरोबर काही माणसेही सोडून दिली. शाखेने निदान एवढे तरी करावे : ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांची यादी करावी आणि त्यांच्याकडे माणूस पाठवावा.

आणखी एक. आज आपले अनेक कार्यकर्ते गावोगाव लोकांचे फॉर्म भरून देतात, ओटीपी मागून घेतात, केवायसी करून देतात. ही सेवा आवश्यक आहे, तिचा मी अनादर करीत नाही. परंतु सरकारी खिडकीचे काम कार्यकर्त्याने आयुष्यभर फुकट करीत राहिले तर ती खिडकी कधीच उघडणार नाही. फॉर्म भरून देताना प्रत्येक अडलेल्या माणसाची नोंद वहीत करा : कोणती योजना, कोठे अडले, किती दिवस गेले, किती मजुरी बुडाली. अशा वह्या शंभर गावांतून जमल्या की तहसीलदारासमोर आणि विधिमंडळासमोर ठेवावयास आपल्याजवळ पुरावा असेल. रोजगार हमीची लढाई हजेरीपट हाती घेऊन लढली गेली होती. ही लढाई या वह्यांच्या आधारे लढावी लागेल.

फोन घ्यावा की न घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ज्याने तो घेतला नाही त्याचे धान्य, मजुरी आणि नागरिकत्व अबाधित राहिले तरच त्या ठरविण्याला स्वातंत्र्य म्हणता येईल. ते अबाधित राखण्याचे काम आपले आहे. वह्या आजपासूनच घालाव्यात, अशी विनंती करतो.